मोशीचा उकिरडा

गांवचा उकिरडा हा कुणब्याच्या घरचा ठेवाच असे. शेण, राख, पालापाचोळा आणि खरकटें वर्षभर त्यांत पडे व मृगापूर्वीं त्याचें खत गाड्यांनीं शेतांत जाई. मातीस परत घेतां येऊं नये असें त्यांत बहुधा कांहींच नसे. इंद्रायणीकांठच्या चिखली, मोशी आदि गांवांची पिढ्यान् पिढ्या हीच रीत होती.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि भोसरी-चिंचवडच्या माळांवर कारखान्यांच्या रांगा लागल्या. १९७० सालची नगरपालिका १९८२ सालीं महानगरपालिका झाली. माणसें वाढलीं तसा केरही वाढला. परंतु या केराची जात निराळी होती. तो शेतांत नेण्याजोगा नव्हता. १९९१ च्या सुमारास तो मोशीच्या ८१ एकर जागेवर पडूं लागला. तें गांव शहराच्या हद्दींत आलें तें मात्र १९९७ सालीं! आधीं केर आला, मागाहून नगर आलें.

नुसत्या दुर्गंधीपुरती ही गोष्ट असती तर नाक दाबून निभावलें असतें. पण पावसाचें पाणी ढिगांतून झिरपतांना कुजलेल्या द्रव्यांचा अर्क घेऊन खालीं उतरतें. दख्खनचा काळा खडक अभेद्य भासतो खरा. तथापि त्यास भेगा असतात, आणि विहिरींना पाणी येतें तें याच भेगांतून. ज्या वाटेनें पाणी, त्याच वाटेनें विष. ढिगाच्या पोटांत हवा नसल्यामुळें ज्वालाग्राही मिथेन वायु तयार होतो तो निराळाच. मुंबईचा केर १९२७ पासून झेलणाऱ्या देवनारच्या डोंगरास जानेवारी २०१६ मध्यें आग लागली, तेव्हां शहरावर कित्येक दिवस धूर पसरला होता.

सरकारास जाग येण्यास सुरतेंतील १९९४ च्या प्लेगचा धक्का लागला. पुढें १९९६ सालीं बंगलोरच्या श्रीमती अल्मित्रा पटेल यांनीं सर्वोच्च न्यायालयांत धाव घेतली, आणि त्यांतून २००० सालचे नियम निघाले. नवा उकिरडा कसा बांधावा हें त्यांत एखाद्या धरणाच्या तपशिलानें सांगितलें होतें. तळाशीं दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा, त्याखालीं ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी तिच्याही खालीं निदान २ मीटर. साचलेला अर्क गोळा करून शुद्ध करावा. रोजच्या केरावर किमान १० सेंटिमीटर मातीचा थर द्यावा, पावसाळ्यापूर्वीं तो ४० ते ६५ सेंटिमीटर करावा. आणि जागा भरून बंद केल्यावरही १५ वर्षें तिच्यावर नजर ठेवावी. २०१६ च्या नियमांनीं नदीपासून १०० मीटर व वस्तीपासून २०० मीटर अंतर घातलें, आणि ओला-सुका केर घरींच वेगळा करण्याचें काम गृहिणीच्या – खरें म्हणजे साऱ्या कुटुंबाच्या – माथीं दिलें. कारखान्यांतील घातक गाळासाठीं १९८९ पासून वेगळे नियम असून त्याची सोय रांजणगांवास आहे.

नियम झाले, पण जागा कोठून आणावी? २००८ सालीं पुनावळें येथील वनजमीन दुसऱ्या डेपोसाठीं ठरली. ती हातीं येईपर्यंत भोंवतीं उंच इमारती उठल्या, तेथील रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबर २०२३ मध्यें ती योजना रद्द झाली. त्यांची तक्रार रास्त होती. मात्र पुनावळ्याचा सुटलेला भार मोशीनेंच उचलावयाचा, हें त्या विजयोत्सवांत फारसें कोणी बोललें नाहीं.

बारा वर्षांनीं उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. मोशीच्या उकिरड्यास तिसांहून अधिक वर्षें लागलीं. तेथील जुना ढीग उकरून चाळण्याचें, माती व प्लॅस्टिक वेगळें करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि १ ऑगस्ट २०२३ रोजीं केरापासून वीज करणाऱ्या केंद्राचें उद्घाटन झालें. रोज ७०० टन केर घेऊन सुमारें १४ मेगावॅट वीज देण्याची त्याची योजना आहे. भट्टींतून मागें उरते ती राख. आणि जी उपयोगास येत नाहीं, तिलाही तळाशीं पडदा घातलेला खड्डा लागतोच.