नडगीच्या खालच्या टोकाचा अस्थिभंग : रॉड, प्लेट आणि कातडी

प्रथम संज्ञा. नडगीच्या हाडाच्या घोट्याकडील टोकाची कमाल रुंदी मोजून तेवढ्याच बाजूचा चौरस त्या टोकावर कल्पावा. त्यात येणारा भाग म्हणजे अधर खंड. अस्थिभंगांच्या एओ वर्गीकरणात त्याचा क्रमांक ४३. त्यातील भंगाचे तीन वर्ग : (अ) सांध्यात न शिरलेला, (ब) सांध्याचा काही अंश तोडणारा, (क) सांध्याचा पृष्ठभाग हाडाच्या दांड्यापासून पूर्णतः विलग करणारा. ‘ब’ आणि ‘क’मध्ये सांध्याचा पृष्ठभाग पूर्ववत जुळवणे हेच आद्य कार्य असल्याने तेथे रॉड की प्लेट या निवडीला वाव थोडा. प्रस्तुत विवेचन ‘अ’ वर्गापुरते.

निवडीचा आधार शरीररचनेत आहे. एक, नडगीच्या आतील अंगावर स्नायू नाही. हाडावर थेट कातडी. दोन, पोषक धमनी हाडात वरच्या तिसऱ्या हिश्श्यात मागून शिरते व खाली उतरते. हाड मोडताच खालचा तुकडा मुख्यतः अस्थ्यावरणाच्या रक्तावर जगतो. तीन, आतील पोकळी मध्यभागी अरुंद व घोट्याकडे नरसाळ्यासारखी रुंद.

तिसऱ्या गोष्टीतून, हाडाच्या पोकळीत घालायच्या रॉडचा दोष निघतो. मध्यभागी पोकळी रॉडला घट्ट धरते, खाली धरत नाही. म्हणून छोटा तुकडा आत किंवा बाहेर कलतो. उपाय दोन : खालच्या टोकाला वेगवेगळ्या दिशांनी घातलेले स्क्रू, आणि रॉडची वाट अरुंद करणारे त्याच्या बाजूचे अडसर-स्क्रू. पहिल्या दोन गोष्टींतून रॉडचा गुण निघतो : छेद गुडघ्याजवळ, भंगापासून दूर, अस्थ्यावरणास धक्का नाही. मोबदला म्हणजे गुडघ्याच्या पुढील बाजूची वेदना. खुर्चीवर बसणाऱ्यास ती क्षुल्लक वाटेल. निंदणी-खुरपणीसाठी दिवसभर उकिडवे बसणारीस ती रोजगाराचा प्रश्न आहे. पाश्चात्त्य गुणतक्त्यांत उकिडवे बसण्याला पुरेसे वजन नसते, हे येथे नोंदवणे आवश्यक.

प्लेटचा गुण नेमका रॉडच्या दोषाच्या जागी आहे : आखूड तुकडाही ती सरळ धरते. जुन्या पद्धतीत लांब छेद घेऊन अस्थ्यावरण सोलले जाई. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचे डोके प्लेटच्याच आट्यांत बसते, त्यामुळे प्लेट हाडावर दाबावी लागत नाही आणि लहान छेदांतून कातडीखाली सरकवता येते. तरीही तिची जाडी पातळ कातडीखालीच राहते. जखम न भरणे, पू होणे, प्लेट हाताला लागणे हे दोष त्यातून येतात. बाहेरून बसवायच्या इलिझारोव्ह रिंगा मळलेल्या उघड्या जखमांसाठी आणि हाड गमावलेल्या स्थितीसाठी राखाव्यात.

ब्रिटनमधील ३२१ प्रौढ रुग्णांची, २०१७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते : सहा महिन्यांनी अपंगत्वाच्या गुणांकनात रॉड आणि प्लेट यांत लक्षणीय अंतर नाही; तीन महिन्यांनी रॉड किंचित सरस. यावरून ‘काहीही चालेल’ असा निष्कर्ष काढणे चूक. सरासरी समान असते तेव्हा निर्णय व्यक्तिगत भेदांवर येतो.

आणि येथे पहिला भेद इजेपासून रुग्णालयात पोचेपर्यंतच्या कालाचा आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील, १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या ‘घाटी’त, शहराबाहेरचे, शेजारच्या जिल्ह्यांतलेही रुग्ण येतात. वाटेत हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळल्या असतील, तर पाय पोचेपर्यंत सुजलेला, कातडीवर फोड आलेले. अशा पायावर प्लेटचा छेद घेणे म्हणजे जखम उघडी राहण्यास निमंत्रण. घोट्यावरून तात्पुरती बाहेरची चौकट बसवावी, पाय उंच ठेवावा, कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत थांबावे. त्यास आठवडा लागतो, कधी दोन. त्यानंतर तुकड्याची लांबी मोजावी : खालचे स्क्रू पुरेशा हाडात बसत असतील तर रॉड, नसतील तर प्लेट.