मुका 'के' आणि त्याचे घराणे

'नाइट', 'नेव्ह', 'नी', 'नो' हे शब्द लिहिताना आरंभीचा 'के' विसरला म्हणून आमच्या पिढीने छड्या खाल्ल्या आहेत. जे अक्षर बोलायचे नाही ते लिहायचे कशाला, हा प्रश्न तेव्हा वर्गात विचारण्याची सोय नव्हती. आज तो मोकळेपणाने विचारू.

हा 'के' जन्मतः मुका नव्हे. चौदाव्या शतकातला चॉसर 'नाइट' हा शब्द 'क्निख्ट' असा काहीसा उच्चारीत असे. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि पुढे शब्दांची लेखी रूपे हळूहळू गोठत गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा 'क' जिभेवरून उतरला. कागदावरून मात्र हलला नाही. जर्मन माणूस आजही तो स्वच्छ बोलतो.

या घराण्यातली काही माणसे तर आपल्या नात्यातली निघतात. 'नो' म्हणजे जाणणे. त्याचा 'क' आणि आपल्या 'ज्ञान'मधला 'ज्' यांचे मूळ एकच. 'नी' म्हणजे गुडघा, संस्कृतातला 'जानु'. रामाला आजानुबाहु म्हणताना आपण हाच शब्द उच्चारतो.

पण खरी गंमत आहे ती 'नाइट' आणि 'नेव्ह' यांची. जुन्या इंग्रजीत दोघांचाही अर्थ एकच: मुलगा, पोर. चौदाव्या शतकात विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलात पुत्राला 'नेव्ह चाइल्ड' म्हटले आहे, आणि त्यात निंदा तिळमात्र नाही. शुभवर्तमानांच्या त्याहून जुन्या भाषांतरात येशूचे शिष्य म्हणजे 'शिकणारे क्निख्ट'. पुढे पोराचा चाकर झाला, जसा आपल्याकडे हॉटेलातला 'पोऱ्या' होतो. इथवर दोघे बरोबर चालले. मग एकाला राजाच्या पदरी घोडा आणि तलवार मिळाली. दुसरा स्वयंपाकघरात राहिला आणि त्याच्या नावाचा अर्थ लबाड असा होऊन बसला. त्याने काय लबाडी केली होती? गरिबी, एवढीच! जर्मनीत 'क्नेख्ट' अजूनही गडीमाणूसच आहे, हे इंग्रज 'सरां'नी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पत्त्यांत 'नेव्ह' चाकरच राहिला, आणि आपण त्याला 'गुलाम' म्हणतो. पानांच्या कोपऱ्यांत अक्षरे छापू लागल्यावर राजाचा 'के' आणि नेव्हचा 'केएन' यांत घोटाळा होऊ लागला. तेव्हा अक्षर कोणाचे गेले, हे सांगायला नकोच. चाकराला 'जे' देऊन 'जॅक' करण्यात आले.

'नाइट' मात्र समुद्र ओलांडून इकडे आला. १८४२ साली मुंबईचे जमशेटजी जीजीभाई 'सर' झाले. १९१४ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांना तसाच किताब देऊ केला गेला. त्यांनी तो घेतला नाही. रवींद्रनाथांनी १९१५ साली घेतला, आणि जालियनवाला बागेनंतर, १९१९ साली, तो सोडत असल्याचे व्हाइसरॉयला कळवले.