गलांडा : हारातले फूल, मधमाश्यांचे अन्न

प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या दृष्टान्तांत कमळ आणि भ्रमर पुनःपुन्हा भेटतात. आज देवळांबाहेरच्या हारांत सहज दिसणारे झेंडू आणि गलांडा मात्र त्या काळी भारतात नव्हतेच. दोन्ही अमेरिकेतून आलेले.

गलांडा, म्हणजेच गेलार्डिया, हे मूळचे अमेरिकेच्या दक्षिण-मध्य भागातील व उत्तर मेक्सिकोतील रानफूल. गेलार या फ्रेंच न्यायाधीशाच्या, वनस्पतिशास्त्राच्या आश्रयदात्याच्या, सन्मानार्थ १७८६ मध्ये या वंशाला हे नाव मिळाले. ओक्लाहोमा राज्याने १९८६ मध्ये त्याला राज्य-रानफुलाचा मान दिला. आपल्याकडे मात्र ते स्वस्त सुटे फूल म्हणूनच ओळखले जाते.

ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या लाल-पिवळ्या पाकळ्या वंध्य असतात; त्यांचे काम केवळ कीटकांना बोलावण्याचे. मधली बारीक फुले कडेकडून आत क्रमाने उमलत जातात, त्यामुळे एकाच गुच्छावर मधमाश्यांना काही दिवस पराग व मधुरस मिळत राहतो. बाजारात भरगच्च दुहेरी जातींना मागणी असली, तरी मधमाश्यांना साधी एकेरी फुलेच अधिक सोयीची.

नेवासा तालुक्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. हा उसाचा आणि कांद्याचा मुलूख. उसाचे विस्तीर्ण फड मधमाश्यांना जवळजवळ काहीच देत नाहीत. उलट कांद्याच्या बीजोत्पादनाला मधमाशीच हवी, कारण कांद्याच्या फुलातील पराग स्त्रीकेसर पक्व होण्यापूर्वीच गळून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंडे फुलतात, तेव्हा सातेरी, फुलोरी वा आग्या मधमाश्या फिरकल्या नाहीत तर बी भरत नाही. मग उरलेले महिने या माश्यांनी जगावे कशावर?

येथे गलांडा उपयोगी पडतो. हलकी जमीन, कमी पाणी आणि ऊन यांना तो दाद देत नाही. पेरणीनंतर सुमारे साडेतीन ते चार महिन्यांत फुले येतात. जूनमधील पेरणी कांद्याच्या फुलोऱ्याआधी, तर फेब्रुवारीतील पेरणी ऐन उन्हाळ्यात बहरते. ऑक्टोबरची पेरणी मात्र बीजोत्पादनाच्या शेताजवळ टाळावी. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम अधिक असल्याने तो मधमाश्यांना फारसा रुचत नाही. शेजारी गलांडा फुललेला असेल तर त्या तिकडेच वळण्याचा संभव असतो.

हारांसाठी प्रत्येक उमललेले फूल तोडले, तर बांधावरील या लागवडीचा मधमाश्यांना लाभ नाही. एखादी ओळ न तोडता राखावी. फुलांवर कीटकनाशक फवारणे अपरिहार्यच असेल, तर ते सायंकाळी, मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर करावे.