पावती मागितली नाही तरी...

गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, तरी उठेना. शेवटी पिशवीतून एक कागद काढून म्हणाला, "मावशी, हे जरा वाचतेस का? आईला सांगू नकोस." (आता आईला सांगून झालंय आणि त्याची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. तेव्हा नातेवाईक मंडळींनी फोनाफोनी करू नये!)

झालं होतं असं. नोकरी गेली, तीन क्रेडिट कार्डांची थकबाकी वाढली. 'तुमचं कर्ज निम्म्यावर आणून देतो' म्हणणारी एक कंपनी त्याला भेटली. त्यांनी सांगितलं, बँकेचे हप्ते थांबवा, बँकेचे फोन घेऊ नका, आमची फी मात्र दरमहा भरा. आठ महिन्यांत याने 48 हजार रुपये भरले. बँकेशी कोणी बोललंच नव्हतं. व्याज चढत गेलं आणि दारात नोटीस आली. आगीतून फुफाट्यात!

मी विचारलं, "पावत्या कुठायत?"

"पावती कोण मागतं मावशी? मोबाइलवरून पैसे पाठवले."

आणि मला एकदम 1875 साल आठवलं. तुम्ही म्हणाल, मास्तरीणबाईंची खोड जात नाही. पण ऐका तर खरं.

तीसएक वर्षं मी मुलांना इतिहास शिकवला. 'दख्खनच्या दंग्यांची कारणे लिहा' हा ठरलेला प्रश्न. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला भाव आला, 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यातच 1867 च्या सुमारास सरकारने सारा वाढवला. सावकारांनी हात आखडता घेतला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगे पुढे अहमदनगर जिल्ह्यात पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पाच गुण. पुढचा प्रश्न.

लोकांनी जाळलं काय, हे मात्र सांगताना मी नेहमी थांबायचे. बहुतेक गावांत माणसांना फारशी इजा झाली नाही. राग होता तो कागदावर. खतं आणि वह्या हिसकावून घेतल्या आणि पेटवल्या. कारण त्या कागदावर काय लिहिलंय ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं आणि भरलेल्या पैशाची नोंद त्याच्या हातात कधी पडत नव्हती.

गंमत अशी, की या कागदांच्या वाढीला एक बऱ्या हेतूचा कायदाही कारण झाला होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, म्हणजे व्याज साचत राहू नये. सावकारांनी त्यावर उपाय काढला. दर तीन वर्षांनी नवं खत. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. कुळाला वाटायचं जुनं मिटलं, आणि प्रत्यक्षात मात्र नवं चढलेलं असायचं.

आता, ज्या कायद्याला मी वर्गात एका ओळीत उरकत असे, तो निवृत्तीनंतर सवडीने वाचला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो केलेला होता. कोर्टाने नुसत्या खतावर विसंबू नये, व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासावा, असं त्यात होतं. खत गावच्या निबंधकासमोर लिहावं, असं होतं. आणि पावतीचं एक कलम होतं. शेतकऱ्याने कर्जापोटी पैसे दिले की घेणाऱ्याने त्याच वेळी लेखी पावती द्यावी, शेतकऱ्याने ती मागितली असो वा नसो. वर्षाचा हिशोब मागण्याचाही त्याला हक्क होता.

'मागितली असो वा नसो.' हे लिहिणाऱ्याला माणूस कळत होता. अडलेला माणूस पावती मागत नाही. त्याला भीती असते, समोरचा चिडला तर?

त्याच कायद्यात सलोखा करणारे पंचही नेमले होते. आजच्या कर्ज सल्लागारांचे पूर्वजच म्हणा. त्यांचा दाखला आणल्याशिवाय सावकाराला कोर्टात जाता येत नसे. कल्पना चांगली होती, पण पुष्कळ ठिकाणी दाखला हा नुसता उपचार होऊन बसला. सावकारांनीही गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. या कायद्याचे खास न्यायाधीश म्हणून पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी काम केलं, खालच्या कोर्टांचं काम तपासलं. मधल्या माणसावरही कोणाची तरी नजर लागते, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

भाच्याची कंपनी अशीच मधली. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो, पण ही कंपनी काही बँक नव्हे. मग दाद कुठे मागायची? ग्राहक आयोगाकडे. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर ती सेवेतली त्रुटी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेची पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. 1879 चं कलम पुन्हा भेटल्यासारखं वाटलं मला! पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी विचारायचं असेल तर 1915 हा मदतीचा क्रमांक आहे. आणि कर्जाबद्दल सल्ला हवाच असेल, तर बँकांनी चालवलेली आर्थिक साक्षरता केंद्रं तो फुकट देतात.

हे सगळं मी भाच्याला सांगत होते, आणि तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तू वर्गात हे शिकवलं नव्हतंस."

माझ्याच वर्गात होता तो, आठवीला. खरंच होतं त्याचं. दंगा शिकवला होता, पावती नव्हती शिकवली. परीक्षेत येत नव्हती ना.

दुसऱ्या दिवशी दोघांनी बसून दोन पत्रं लिहिली. एक कंपनीला: आजवर घेतलेल्या रकमेचा हिशोब आणि पावत्या द्या, केलेल्या कामाचा पुरावा द्या. दुसरं बँकेला: नोकरी गेली आहे, हप्ते कमी करून द्या. खात्याचे उतारे आणि मोबाइलवरचे संदेश छापून फाइलला लावले. उत्तरं अजून यायची आहेत. पैसे परत मिळतील की नाही, मला सांगता येत नाही. पंधरा दिवस वाट पाहून आयोगाकडे जायचं ठरलंय.

पत्रं स्पीड पोस्टाने टाकायला मीही बरोबर गेले होते. खिडकीतल्या मुलीने दोन चिठोऱ्या पुढे केल्या. सवयीने भाच्याने त्या मुठीत चुरगाळल्या, मग माझ्याकडे पाहिलं, हाताने नीट सपाट केल्या आणि फाइलमध्ये ठेवल्या.

असो. तुमच्याही घरात असा एखादा कागद उशीखाली लपलेला असेल, तर त्याला दिवाणखान्यात आणा. आणि रागावू नका बरं का त्याच्यावर. मीही नाही रागावले. निदान फार नाही.