बाणकोट : सावित्रीच्या मुखावरचे इंग्रजी ठाणे

१/५ महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी महाडवरून वाहत बाणकोटजवळ समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून महाडकडे जात. तेथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढे. ज्याच्या हाती बाणकोट, त्याच्या हाती या व्यापाराचे दार.

२/५ हे दार आंग्र्यांकडे होते. तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, १७५६ मध्ये विजयदुर्ग. त्याच वर्षीच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट कंपनीकडे गेला. किल्ल्याचे नाव झाले फोर्ट व्हिक्टोरिया.

३/५ खाडीच्या उत्तर काठावर पेशव्यांचे कुलदैवत हरिहरेश्वर. त्यापुढे भट घराण्याचे श्रीवर्धन. कुलदैवतासमोरचा काठच पेशव्यांनी परक्यांच्या स्वाधीन केला.

४/५ दर्यावर हुकमत गाजवलेले तुळाजी समुद्रापासून दूर, सोलापूरच्या कैदेत पडले. मराठी आरमाराचा कणा मोडला, तो मराठ्यांच्याच संमतीने.

५/५ पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये दक्षिण कोकण जिल्हा निर्माण झाला, मुख्यालय बाणकोट. १८२२ मध्ये ते रत्नागिरीस हलले आणि बाणकोट मागे पडले. पेशवाईच्या अस्ताआधी ६२ वर्षे इंग्रज येथे पाय रोवून होते. घरचे वैर मिटवण्यासाठी उघडलेले दार पुन्हा लावता आले नाही.