दोन चुलींमधलीं मुलें

१९१८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ६ तारखेस, नवरात्राच्या तोंडावर, मुंबई शहरांत एका दिवसांत ७६८ माणसें मृत्यु पावलीं. इन्फ्लुएंझाच्या दुसऱ्या लाटेंतला मुंबईचा तो सर्वांत भयंकर दिवस. मृताचें नांव, वय, जात व मृत्यूचें कारण यांची सरकारी दप्तरांत नोंद होई. मागें मुलें किती राहिलीं आणि तीं कोठें आहेत, हा प्रश्न मात्र त्या दप्तरांत कोणी विचारीत नसे. एरवीं तो विचारण्याचें कारणही पडलें नसतें. बाप गेला तर मुलें आईजवळ, आई गेली तर बापाजवळ, हें उघडच आहे. परंतु मुंबईच्या गिरणगांवांत तें उघड नव्हतें. कारण तेथील हजारों संसार एका घरांत मांडलेलेच नव्हते.

१९२१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांवर भरली. तींत मुंबईंतच जन्मलेलीं माणसें शेंकडा १६. बाकीचीं ८४ बाहेरून आलेलीं. दर हजार पुरुषांमागें स्त्रियांची संख्या सुमारें ५२५. रत्नागिरी, सातारा, पुणें अशा जिल्ह्यांतून आलेला गडी परळ-लालबागकडे एखाद्या चाळींत गांवकीच्या खोलींत वळकटी टाकी, खानावळींत जेवी आणि महिन्याच्या महिन्यास गांवीं मनिऑर्डर करी. गांवीं त्याची बायको, म्हातारे आईबाप, मुलें आणि भाताचे दोन तुकडे. एक चूल मुंबईंत, दुसरी कोंकणांत. अशा कुटुंबास विभक्त म्हणावें, तर वांटण्या झालेल्या नसत. एकत्र म्हणावें, तर नवराबायकोची गांठ वर्षांतून महिनाभर पडे. मुलांच्या दृष्टीनें बाप म्हणजे शिमग्यागणपतीला येणारा पाहुणा आणि पोस्टमननें मोजून दिलेले रुपये.

या दोन चुलींमधील दोरा शाबूत होता तोंवर हा संसार चाले. मानमोडीनें नेमका तोच तोडला.

रोगाची पहिली चाहूल मुंबईंत जूनमध्यें लागली. १० जून रोजीं गोदीवरील पहाऱ्याचे सात पोलिस शिपाई तापानें आजारी म्हणून इस्पितळांत आले, आणि पुढें गोदी, कचेऱ्या व गिरण्या यांतून ताप पसरला. ही पहिली लाट त्या मानानें सौम्य होती. शिवाय ते पावसाळ्याचे दिवस. कोंकणकिनाऱ्याच्या आगबोटी त्या काळीं पावसाळ्यांत बंद असत. सप्टेंबरांत दुसरी, घातक लाट उसळली, ती मात्र बंदरें पुन्हां उघडण्याच्या सुमारास. आगगाडीनें हा रोग देशभर नेला, असें त्या वेळच्या आरोग्याधिकाऱ्यांचेंही मत होतें. जेथें आगगाडी नव्हती तेथें माणसांना आगबोट होती. इन्फ्लुएंझाचा संसर्ग झाल्यापासून ताप भरेपर्यंत एक ते तीन दिवस जातात. मुंबईच्या धक्क्यावर धडधाकट चढलेला माणूस घराच्या ओटीवर पोंचून अंथरूण धरावा, एवढाच हा अवधि. मुलांच्या ओढीनें गांव गांठणाऱ्या बापास आपण बरोबर काय आणीत आहोंत, हें कळण्याचा कांहींच मार्ग नव्हता.

या रोगाची एक रीत जगभर दिसली. एरवींचा इन्फ्लुएंझा म्हाताऱ्यांना व तान्ह्यांना नेतो. १९१८ च्या साथीनें तान्हीं मुलें तर नेलींच, पण त्याबरोबर वीस ते चाळीस या वयाचीं माणसेंही नेलीं. हिंदुस्थानांत त्यांतही पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक दगावल्या. घरांतील प्रत्येक आजाऱ्याची शुश्रूषा बाईनें करावयाची आणि स्वतः शेवटीं जेवावयाचें, हें त्याचें एक कारण. गर्भारपणांत हा ताप फार घातक ठरे, हें दुसरें. त्या वर्षीं पाऊस दडी मारून बसला, धान्य कडाडलें, तेव्हां शेवटीं जेवणारीच्या वांट्याला काय उरत असेल, हें सांगावयास नको. उलट पांच ते चौदा वर्षांच्या मुलांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत कमी राहिलें. म्हणजे जीं वयें स्वतःचें पोट भरूं शकत नाहींत, तींच मागें राहिलीं, आणि त्यांचें पोट भरणारीं माणसें गेलीं. मुंबई इलाख्यांत मृतांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. सबंध देशाची संख्या त्या वेळीं सव्वा कोटीच्या घरांत धरण्यांत आली होती. पुढील संशोधकांपैकीं कित्येकांनीं ती याहूनही अधिक मानली.

सरकारनें या मुलांसाठीं काय केलें, असें विचारावें तर उत्तर थोडक्यांत संपतें. साथीच्या रोगांचा १८९७ चा कायदा हाताशीं होता. परंतु प्लेगांत आजाऱ्यांना घरांतून ओढून नेण्याचे जे प्रकार झाले, त्यांची दहशत लोकांच्या मनांतून गेलेली नव्हती, आणि या वेळीं तशी सक्ती झाली नाहीं. तें बरेंच झालें. नाहींतर ताटातुटींत आणखी एकीची भर पडती. पालकत्वाचा १८९० चा कायदा होता, पण कोर्टाची पायरी चढण्यासाठीं निदान कांहीं मालमत्ता तरी असावी लागे. अनाथ व निराधार मुलांसाठीं मुंबई इलाख्यांत निराळा कायदाच नव्हता. पंढरपूरचें बालकाश्रम, केडगांवचें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन अशा संस्था होत्या, त्यांनीं दुष्काळांत शेंकडों जीव वांचविले होते; पण मालवणच्या किंवा खेडच्या डोंगराआडच्या वाडींतून तेथवर मूल न्यावें कोणी? मुंबईंत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या मंडळांचे स्वयंसेवक औषधें व दूध घेऊन चाळींतून फिरले, हें त्या काळाचें भूषणच होय. त्यांचा हात चाळीपर्यंत पोंचत होता. दुसरी चूल त्यांच्याही दृष्टीपलीकडे होती.

अशा घरांत काय घडलें, हें त्या घरांनीं लिहून ठेवलेलें नाहीं. लिहिणारींच गेलीं, किंवा लिहितां येत नव्हतें. परंतु अशाच एका दूरच्या घराची हकीकत हिंदींतील थोर कवि निराला यांच्या लेखणीनें राखली आहे. नोकरीनिमित्त ते बंगालमधील महिषादल येथें, आणि पत्नी मनोहरादेवी गंगेकांठच्या डलमऊ गांवीं माहेरीं. पत्नी अत्यवस्थ असल्याची तार त्यांना आली. ते पोंचले तेव्हां ती गेलेली होती, आणि गंगेंत प्रेतें तरंगत होतीं. पाठोपाठ चुलत भाऊ, भावजय व चुलतेही गेले. अवघ्या विशींतल्या त्या तरुणापुढें भावाचीं चार मुलें व स्वतःचीं दोन उभीं राहिलीं. थोरला पुतण्या पंधरा वर्षांचा, धाकटी मुलगी सरोज वर्षाची. त्यांचें पोट भरावयाचें तर नोकरीसाठीं पुन्हां महिषादलास जाणें भाग होतें. मुलांना जगविण्यासाठीं मुलांपासून दूर राहावें, हा गिरणगांवांतल्या प्रत्येक बापाचा जो पेंच, तोच या कवीचाही होता. तो सोडविला सरोजच्या आजीनें; मुलगी आजोळींच वाढली.

हें आजीचें नांव वारंवार पुढें येतें. महात्मा गांधींच्या थोरल्या सुनेस त्याच साथींत मृत्यु आला, तिच्याबरोबर तिचें धाकटें मूलही गेलें, आणि नवरा हरिलाल तेव्हां दूर कलकत्त्यास. आई नसलेल्या त्या नातवंडांसाठीं पुढें आल्या त्या कस्तुरबा, आणि तेव्हां त्यांची पन्नाशी जवळ आलेली होती. या साथींत म्हाताऱ्यांना त्या मानानें कमी धक्का लागला, हें वैद्यकांतलें एक कोडें आहे. तरुणपणीं त्यांना तशाच एखाद्या तापाचा संसर्ग होऊन गेला असावा, असा तर्क केला जातो. कारण कोणतेंही असो, मधली पिढी पडली तेव्हां चुलीपाशीं आजी उरली होती, आणि ज्या मुलांचें नशीब बरें त्यांचें अनाथाश्रम तीच झाली.

पण आजीला नांगर धरतां येत नव्हता, आणि मुंबईचा मुलगा गेल्यावर मनिऑर्डरही येत नव्हती. गिरण्यांतून महिन्याचा पगार दहापंधरा दिवस मागें ठेवून देण्याची चाल होती. त्यामुळें मेलेल्या कामगाराचे घामाचे रुपये गिरणींतच अडकलेले असत. ते वसूल करावयाचे तर मुकादमाच्या ओळखीचा, गांवकीच्या खोलींतला कोणीतरी गडी जिवंत असला पाहिजे, आणि प्रामाणिकही असला पाहिजे. आई गेली व बाप राहिला, तर तो बहुधा वर्षाच्या आंत दुसरें लग्न करी. त्यास दोष देणें सोपें आहे; गांवच्या चुलीवर कोणी बसविल्याविना त्याला मुंबईस परततां येत नव्हतें, आणि मुंबईस परतल्याविना ती चूल पेटत नव्हती. मुलीचें लग्न लौकर उरकलें जाई. मुलगा नऊ वर्षांचा झालेला असला तर त्याच्यासाठीं दुसरी वाट उघडी होती: १९११ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणें नऊ वर्षांच्या मुलास गिरणींत अर्ध्या दिवसाच्या कामावर घेतां येत असे. बापाच्या खोलींतल्या बापाच्याच गांववाल्याचा हात धरून तो आगबोटींत चढे.

ही वयाची मर्यादा १९२२ सालीं नवावरून बारावर नेण्यांत आली. साथीच्या वर्षीं नऊ वर्षांचा असलेला मुलगा तोंवर तेरा वर्षांचा झाला होता. निराधार मुलांचा कायदा मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं झाला, आणि त्याच्या अंमलासाठीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही संस्था मुंबईंत १९२७ सालीं निघाली. तेव्हां तो अठरा वर्षांचा होता, आणि त्याच्या नांवानें गांवीं कोणीतरी मनिऑर्डरची वाट पाहत होतें.