छावणीच्या चुलीवरची डाळ-पकवान



लग्नाचा बस्ता बांधायला किंवा गटाच्या शिवणकामासाठी कापड आणायला आपल्या गावांतून पुष्कळ जणी उल्हासनगरला जातात. बदलापूर-अंबरनाथहून सकाळची लोकल पकडायची आणि बाजार उघडेपर्यंत एखाद्या साध्या हॉटेलात डाळ-पकवान खायची. कुरकुरीत पकवान, सोबत गरम हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. थोड्या पैशांत पोट भरतं. आज आम्ही या बशीचा इतिहास सांगणार आहोत.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाब आणि बंगालचे दोन-दोन भाग झाले. सिंध मात्र सगळाच पाकिस्तानात गेला, त्यामुळे सिंधी हिंदूंना इकडे आपलं म्हणावं असं गावच उरलं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि माणसं मोठ्या संख्येनं बोटींनी मुंबईकडे निघाली. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणून मुंबई त्यांना अगदीच अनोळखी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी बांधली होती. त्या रिकाम्या बराकींमध्ये या कुटुंबांना ठेवलं. एका लांबलचक बराकीत अनेक घरं, मधे आडोसा पडद्याचा नाहीतर गोणपाटाचा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या शहराची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून त्याचं नाव उल्हासनगर पडलं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतात.

कोनशिलेवर तारीख असते. पण त्या बराकींमध्ये रोज संध्याकाळी चूल कुणी पेटवली, हे कुठल्या दगडावर लिहिलेलं नाही. ते शोधायचं तर त्यांच्या जेवणातच शोधावं लागतं.

सिंधी कढी घ्या. आपली कढी ताकाची. त्यांची कढी बेसन तेलात खरपूस भाजून, चिंचेच्या कोळाची, आणि तिच्यात शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार. भाताबरोबर एकच पातेलं केलं की भाजी वेगळी करायला नको. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचे तुकडे लसूण, कोथिंबीर आणि टोमॅटोच्या रश्शात शिजवले की झाली ‘सेयल मानी’. आपण फोडणीची पोळी करतो, तिचीच ही बहीण. कोकी म्हणजे कांदा-मिरची घातलेली, घट्ट कणकेची जाड पोळी. आधी अर्धवट भाजायची, मग तेल-तूप सोडून पुन्हा खरपूस करायची. आपल्या धपाट्यासारखी तीही प्रवासात टिकते.

हे पदार्थ छावणीत जन्मले नाहीत, ते सिंधमधूनच आले. शेत, घर, दुकान मागे राहिलं, पण हाताची चव बरोबर आली. परक्या मुलखात लेकराच्या ताटात आजीच्या घरचाच वास यावा, एवढं त्या बायकांनी स्वस्तातल्या डाळी-पिठात साधलं.

पण नुसत्या चवीवर घर चालत नाही. बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, मिठाया केल्या. पुरुषांनी आणि पोरांनी त्या लोकलमध्ये आणि रस्त्यावर विकल्या. पापड तर सिंधी घराचा मानच आहे. पाहुणा आला की आधी पाणी आणि पापड.

डाळ-पकवान बाजारात का टिकली, तेही पाहा. पकवानाला टोचे मारून ते मंद आचेवर तळतात, म्हणजे ते फुगत नाही आणि दोन-चार दिवस कडक राहतं. आदल्या दिवशी तळून ठेवलं की सकाळी फक्त डाळ गरम ठेवायची. डाळ शिजलेली, पण दाणा दिसणारी. जागा थोडी, भांडी दोन, गिऱ्हाईक लगेच मोकळं. घरातली युक्ती धंद्याला अशी कामी आली.

इथे एक गोष्ट मनात धरा. घरात लाटलेल्या मालाची मजुरी बहुतेक वेळा कुणी धरत नाही. ती ‘घरचं काम’ म्हणून जाते, आणि पाटीवर नाव दुसऱ्याचंच लागतं. याला वेगळी वाट मुंबईतच निघाली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. तेच आजचं लिज्जत. तिथे लाटणारी बाई नोकर नसते, मालकीण असते. तिला ‘बहीण’ म्हणतात आणि लाटलेल्या पापडाची मजुरी मिळते.

आमच्या गटांच्या स्टॉलवर आम्ही नेहमी पाहतो. पिठाचा, तेलाचा, गॅसचा हिशेब वहीत असतो. पहाटे चारला उठलेल्या बाईच्या हातांचा नसतो. भाकरी स्वस्त हवीच, कारण खाणाराही कष्टकरीच आहे. पण ती करणारीच्या फुकट मेहनतीवर स्वस्त झालेली नको.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन कामं करू या. वहीत ‘मजुरी’ असा एक रकाना आखू या. आणि गावातल्या जुन्या आजींना विचारू या, दुष्काळात, धरणात गाव गेल्यावर किंवा कारखाना बंद पडल्यावर तुम्ही काय रांधलंत? त्या सांगतील ते लिहून ठेवू या. आपला इतिहास तिथेच आहे, आणि कदाचित आपल्या गटाचा पुढचा पदार्थही.